डिस्क भरली आहे आणि रिकामीही आहे

चालू सर्व्हर उघडून बघता येत नाही. तो बहुधा आपल्या गावातही नसतो; मुंबईच्या नाहीतर आयर्लंडच्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये, एकसारख्या यंत्रांच्या लांबलचक रांगेत कुठेतरी असतो. हिंजवडीत रात्रपाळीला बसलेल्या सपोर्ट इंजिनिअरच्या वाट्याला त्याचा फक्त एक काळा पडदा येतो, तोही एसएसएच नावाच्या सुरक्षित वाटेने. ही वाट टातू युलोनेन याने १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात तयार केली, कारण तिथल्या नेटवर्कवर कोणीतरी लोकांचे पासवर्ड चोरून टिपत होतं. त्या पडद्यावर दोन-चार अक्षरी कमांड टाइप करायच्या आणि उत्तरादाखल येणाऱ्या आकड्यांवरून दूरवरचं यंत्र का अडखळतंय ते ओळखायचं. यंत्र थांबवून सावकाश तपासू म्हणावं, तर ग्राहक तिकडे ताटकळलेले असतात.

कमांडच्या याद्या ढिगाने मिळतात. त्या पाठ केल्याने फारसं साधत नाही. प्रत्येक कमांड एका ठरावीक जागेवरून बघते आणि तिथून दिसतं तेवढंच सांगते. खोटं बोलत नाही, पण अर्धंच बोलते. म्हणून मुरलेला माणूस एकच गोष्ट दोन कमांडना विचारतो. उत्तरं जुळली तर पुढे सरकतो. जुळली नाहीत तर तिथेच मुक्काम ठोकतो, कारण बिघाड बहुतेक वेळा त्या तफावतीतच दडलेला असतो.

सगळ्यात गाजलेली तफावत डिस्कची. साइटवर फोटो अपलोड होईनासे होतात, डेटाबेस कुरकुर करू लागतो आणि लॉगमध्ये डिस्कवर जागा उरली नसल्याची ओळ दिसते. डीएफ ही कमांड मारली की तीही सांगते, १०० टक्के भरली. आता जागा कोणी खाल्ली ते शोधायला डीयू मारायची. ती फोल्डरमागून फोल्डर पिंजून काढते, फाइलींच्या आकारांची बेरीज करते आणि म्हणते, ५० जीबीच्या डिस्कवर फाइली आहेत फक्त १२ जीबीच्या. उरलेले ३८ जीबी गेले कुठे?

दोघीही खऱ्या आहेत. डीएफ थेट फाइल सिस्टिमला विचारते की तुझे किती ब्लॉक वापरात आहेत. डीयू मात्र नावं वाचत जाते. ज्या फाइलीला नाव आहे तीच तिला दिसते. आणि लिनक्समध्ये फाइल आणि तिचं नाव या दोन वेगळ्या गोष्टी असतात. आरएम कमांडने आपण फाइल पुसली असं म्हणतो, पण प्रत्यक्षात फोल्डरमधलं नाव तेवढं खोडलं जातं. एखाद्या प्रोसेसने ती फाइल उघडून धरलेली असेल, तर तिचे ब्लॉक त्या प्रोसेसने सोडेपर्यंत मोकळे होत नाहीत. त्यामुळे हा प्रसंग बहुतेक वेळा असा घडलेला असतो: डिस्क भरत आली, कोणीतरी घाईने ३८ जीबीचा लॉग आरएम करून टाकला आणि जागा झाली असं समजून निघून गेला. वेब सर्व्हरला याचा पत्ताच नाही. तो त्या निनावी फाइलीत अजूनही इमानेइतबारे ओळी लिहितोच आहे.

एलएसओएफ ही कमांड अशा वेळी उपयोगी पडते. कोणत्या प्रोसेसने काय काय उघडून धरलंय याची यादी ती देते. तिला 'अधिक एल एक' हा पर्याय दिला की ज्यांचं नाव उरलेलं नाही अशाच उघड्या फाइली ती दाखवते. एका ओळीत प्रोसेसचं नाव, तिचा नंबर, फाइल डिस्क्रिप्टरचा नंबर, आकार आणि शेवटी 'डिलीटेड' असा शिक्का. हरवलेले ३८ जीबी तिथे सापडतात. मग वेब सर्व्हर एन्जिनएक्स असेल तर त्याला यूएसआर-वन हा सिग्नल पाठवायचा. तो जुना लॉग सोडून नवा उघडतो, ग्राहकांची एकही विनंती तुटत नाही, आणि डीएफचा आकडा डोळ्यांदेखत खाली येतो. सिग्नल न ऐकणारा प्रोग्रॅम असेल, तर प्रॉक फोल्डरमध्ये त्या प्रोसेसच्या नंबराखाली ती उघडी फाइल डिस्क्रिप्टरच्या रूपाने अजून शिल्लक असते. त्या वाटेने तिच्यात शून्य बाइट लिहून ती रिकामी करता येते. मुळात लॉग आरएम न करता असाच रिकामा केला असता, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

डिस्कच्या गोष्टीला आणखी एक पोटकथा आहे. कधीकधी जागा संपल्याची तक्रार येते आणि डीएफ म्हणते की ४० टक्के जागा मोकळी आहे. तेव्हा डीएफलाच 'आय' हा पर्याय देऊन पुन्हा विचारायचं. प्रत्येक फाइलीला तिची माहिती ठेवणारा एक आयनोड लागतो, आणि ईएक्सटी-४ फाइल सिस्टिममध्ये त्यांची संख्या डिस्क फॉरमॅट करतानाच ठरून जाते. ठरावीक हिशोब दर १६ केबीमागे एक आयनोड असा, म्हणजे १०० जीबीच्या डिस्कवर सुमारे ६५ लाख. पीएचपीच्या सेशनच्या चिमुकल्या फाइली कोणी साफच केल्या नाहीत, तर हे ६५ लाख संपतात आणि डिस्क अर्धी मोकळी असूनही तिच्यावर एक नवी फाइल ठेवता येत नाही. याच फाइल सिस्टिममध्ये पाच टक्के जागा रूट वापरकर्त्यासाठी राखीव असते, तेही इथेच सांगून टाकतो. एक टीबीच्या डिस्कवर ५० जीबी होतात हे.

डिस्कखालोखाल गैरसमज लोडबद्दल. अपटाइम ही कमांड तीन आकडे देते: गेल्या एका, पाच आणि पंधरा मिनिटांचा लोड ॲव्हरेज. पहिला मोठा आणि तिसरा छोटा असेल तर भार आत्ता चढतो आहे. उलट असेल तर वादळ ओसरून गेलं, आपण उशिरा पोचलो. इथवर ठीक. पण "लोड तीसवर गेलाय, सीपीयू वाढवून घ्या" हे वाक्य ऐकलं की टॉप ही कमांड उघडून बघावं. कित्येकदा तिथे सीपीयू ९० टक्के निवांत बसलेला दिसतो. पुन्हा तफावत.

याचं उत्तर १९९३ साली झालेल्या एका बदलात आहे. इतर युनिक्स प्रणालींमध्ये लोड म्हणजे सीपीयूवर चाललेल्या किंवा सीपीयूसाठी रांगेत उभ्या असलेल्या प्रोसेसची संख्या. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात मथियास उर्लिश्स यांनी लिनक्ससाठी एक छोटा पॅच पाठवला: डिस्कच्या उत्तराची वाट बघत अडकून पडलेल्या प्रोसेसही मोजा, कारण त्यांच्यामुळेही यंत्र मंदावतं. तो स्वीकारला गेला. तेव्हापासून लिनक्सचा लोड हा फक्त सीपीयूचा राहिलेला नाही. नेटवर्कवरची एखादी सामाईक डिस्क प्रतिसाद देईनाशी झाली, तर तिच्यावर डोळे लावून बसलेल्या तीस प्रोसेस लोड तीसवर नेतात आणि सीपीयूला काम शून्य असतं. टॉपमध्ये अशा प्रोसेसपुढे 'डी' हे अक्षर दिसतं. त्यांच्यावर किल नाइन मारूनही सहसा उपयोग होत नाही; मरायचा निरोप घ्यायलाही त्या जाग्या होत नाहीत. इथे सीपीयू वाढवून घेणाऱ्याला पुढल्या महिन्यात मोठं बिल येतं, साइट होती तशीच रखडते.

डिस्कच्याच दिशेने संशय असेल तर व्हीएमस्टॅट आणि आयओस्टॅट दर सेकंदाला चालू ठेवून बघत बसावं. मात्र दोघींची पहिली ओळ सोडून द्यायची. ती यंत्र सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. दोनशे दिवस चाललेल्या सर्व्हरची सरासरी आत्ताच्या अडचणीबद्दल काय सांगणार? तरी नवशिके नेमकी तीच ओळ चॅटवर चिकटवतात आणि "डिस्क तर ओके दिसतेय" असं लिहून मोकळे होतात.

मेमरीचा घोळ आता पूर्वीइतका उरलेला नाही. फ्री कमांडमध्ये मोकळी मेमरी जेमतेम दिसली की लोक घाबरायचे, पण रिकामी पडलेली मेमरी लिनक्स डिस्कवरून वाचलेल्या फाइली हाताशी ठेवायला वापरतो आणि मागितली की परत देतो. २०१४ साली कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, ३.१४ आवृत्तीपासून कर्नल स्वतःच याचा अंदाज देऊ लागला आणि पुढे फ्रीमध्ये 'अव्हेलेबल' असा रकाना आला. तोच बघायचा. खरोखर मेमरी संपली की कर्नल एखाद्या प्रोसेसचा बळी देतो आणि तशी नोंद ठेवतो; ती डीमेसेज या कमांडने दिसते. डेटाबेस "आपोआप" बंद पडला असं कोणी म्हणालं, तर आधी ती नोंद शोधावी.

मग येतो तो प्रकार, ज्यात यंत्रात काहीच बिघडलेलं नसतं. सीपीयू निवांत, डिस्क मोकळी, मेमरी भरपूर, आणि तरी लोक म्हणतात साइट उघडत नाही. इथे आतून आणि बाहेरून असं दोन्हीकडून विचारावं लागतं. सर्व्हरवर बसून कर्लने पान मागितलं तर लगेच येतं. आपल्या लॅपटॉपवरून मागितलं तर येत नाही. एसएस कमांडने बघितलं की कळतं, प्रोग्रॅम १२७.०.०.१ या पत्त्यावर कान लावून बसलाय. तो पत्ता म्हणजे यंत्राचा स्वतःशीच चाललेला संवाद. बाहेरच्याची हाक त्याला ऐकूच जाणार नाही. कॉन्फिगरेशनमधली एक ओळ बदलली की काम होतं. पिंग चालतंय म्हणून सर्व्हर ठीक आहे, असं समजण्यातही हीच चूक होते. माइक मूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये, एका संध्याकाळच्या कामात, पिंग लिहिला तो यंत्रापर्यंत वाट आहे का एवढंच विचारायला. यंत्रावरचा वेब सर्व्हर जिवंत आहे का, हे पिंगला ठाऊकच नसतं.

या गटातलं माझं आवडतं लक्षण म्हणजे पाच सेकंद. प्रत्येक विनंतीला उत्तर अचूक येतं, फक्त पाच सेकंद उशिराने. साडेचार नाही, सात नाही. दरवेळी पाच आणि वर थोडं. भारामुळे होणारा उशीर कमीजास्त होतो. इतका ठाशीव उशीर दिसला की कुठेतरी एखादी ठरावीक मुदत संपते आहे असं धरून चालावं. कर्लला सांगितलं तर ती वेळ तुकड्यांत मोजून देते: पत्ता शोधायला किती, जोडणी व्हायला किती, पहिला बाइट यायला किती. तुमच्या प्रोग्रॅमला पुढच्या ज्या सेवेकडून माहिती लागते तिला सर्व्हरवरूनच कर्ल करून बघितलं, की दिसतं, पाचही सेकंद पत्ता शोधण्यातच जातात. लिनक्समध्ये डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या, सर्व्हरची वाट बघण्याची मुदत मुळात पाच सेकंद असते. यादीतला पहिला डीएनएस सर्व्हर मेलेला असेल तर प्रत्येक शोध आधी त्याच्यापाशी पाच सेकंद उभा राहतो, मग दुसऱ्याकडे जातो.

इथेही दोघांना विचारायचं. डिग ही कमांड थेट डीएनएसशी बोलते, यंत्रावरची, नावांचे पत्ते लिहिलेली होस्ट्स फाइल बघत नाही. गेटएंट मात्र ज्या वाटेने प्रोग्रॅम पत्ता शोधतो त्याच वाटेने जाते. डिगने नवा पत्ता दिला आणि गेटएंटने जुना, तर कोणीतरी केव्हातरी "टेस्टिंगपुरती" म्हणून होस्ट्स फाइलमध्ये ओळ टाकलीय आणि काढायची राहून गेलीय. टेस्टिंगपुरत्या ओळींचं आयुष्य कंपनीतल्या माणसांपेक्षा मोठं असतं.

लॉग वाचणं ही मात्र वेगळी विद्या आहे आणि तिचा पाया फार जुना आहे. बेल लॅब्जमध्ये डग मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्येच एका टिपणात सुचवलं होतं की प्रोग्रॅम एकमेकांना जोडता यायला हवेत. केन थॉम्पसन यांनी १९७३ साली युनिक्समध्ये ते उतरवलं, आणि एकाचं उत्तर दुसऱ्याच्या तोंडात घालणारी ती उभी रेघ आली, जिला आपण पाइप म्हणतो. समजा, साइटवर अचानक झुंबड उडालीय आणि कोण येतंय ते बघायचंय. ऑकने लॉगच्या प्रत्येक ओळीतला पहिला रकाना, म्हणजे येणाऱ्याचा पत्ता, काढायचा, पाइप. सॉर्टने ते पत्ते क्रमाने लावायचे, पाइप. युनिकने मोजायचे, पाइप. पुन्हा सॉर्ट, या वेळी आकड्यांप्रमाणे उलटा, पाइप. हेडने वरचे दहा घ्यायचे. मधली पहिली सॉर्ट गाळून चालत नाही, कारण युनिकला फक्त लागोपाठ आलेल्या सारख्या ओळीच ओळखू येतात. लाखो ओळींच्या फाइलीतून दहा ओळी काही सेकंदांत समोर येतात, आणि त्यांत एका पत्त्यावरून बाकी सगळ्यांपेक्षा शंभरपट विनंत्या दिसतात.

सापडला चोर? थांबा. तो पत्ता तुमच्याच लोड बॅलन्सरचा असू शकतो. सगळे ग्राहक त्याच्यामार्फत आत येतात, त्यामुळे सर्व्हरला प्रत्येकाचा पत्ता तोच दिसतो. घाईने त्याला ब्लॉक करणाऱ्याने स्वतःच्या हाताने सगळी साइट बंद केलेली असते. खरा पत्ता लॉगमध्ये वेगळ्या रकान्यात नोंदवावा लागतो, आणि ती सोय आधीच करून ठेवलेली असावी लागते.

आपल्याकडच्या लोकांना घोळात घालणारी आणखी एक गोष्ट म्हणजे घड्याळ. बहुतेक सर्व्हर यूटीसीवर चालतात. "सकाळी दहाला बंद पडलं" अशी तक्रार असेल तर लॉगमध्ये ४:३० बघायचं. दहाच्या आसपासच्या ओळी चाळून "त्या वेळी काहीच झालेलं नाही" असं छातीठोकपणे सांगणारे मी पाहिलेत. ते दुपारी साडेतीनचा लॉग वाचत होते. डेट कमांड मारायला एक सेकंद लागतो.

आतापर्यंतच्या बहुतेक कमांड नुसत्या बघणाऱ्या. चालू सर्व्हरवर बघणं आणि हात लावणं यांत फरक करायचाच असतो, पण त्यांच्यामधली सीमा वाटते तितकी स्वच्छ नाही. एसट्रेस ही कमांड प्रोसेस कर्नलकडे काय काय मागते ते ओळीओळीने दाखवते. नुसतं बघणंच की. पण प्रत्येक मागणीच्या आधी आणि नंतर ती प्रोसेसला थांबवते. मागण्यांचा सपाटा लावणारी प्रोसेस त्यामुळे कित्येक पटींनी मंदावते. आधीच धापा टाकणाऱ्या डेटाबेसला दुपारच्या गर्दीत एसट्रेस लावणं म्हणजे तो पाडायला हातभार लावणंच. आता ईबीपीएफवर बेतलेली, कर्नलच्या आत राहून हळूच मोजणारी साधनं आहेत. शक्य तिथे ती वापरावीत.

आणि रीस्टार्ट. "रीस्टार्ट मार, बघू" हा आपल्या व्यवसायातला सर्वात लोकप्रिय उपाय, आणि कित्येकदा तो लागूही पडतो. माझी तक्रार क्रमाबद्दल आहे. प्रोसेस मेली की प्रॉकमधलं तिचं खातं मिटतं: कुठल्या फाइली उघड्या होत्या, कुठल्या जोडण्या तुंबल्या होत्या, कुठला धागा कशात अडकला होता, सगळं जातं. आधी पीएस, एसएस, एलएसओएफ आणि डीमेसेज यांची उत्तरं एका फाइलीत ओतून घ्यावीत, जावा असेल तर किल थ्रीने थ्रेड डंप काढावा. किल या नावाला घाबरू नये. तीन नंबरचा सिग्नल जावाला मारत नाही, बोलतं करतो. मिनिटभराचं काम आहे. नाहीतर पुढल्या मंगळवारी त्याच वेळी तोच बिघाड आणि पुन्हा कोरी पाटी.

हात लावण्याचा भाग कुठवर जाऊ शकतो, ते ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कंपनीत दिसलं. तिच्या सेवेवर प्रोग्रॅमर आपले प्रकल्प ठेवतात. त्या दिवशी स्पॅमच्या माऱ्याने डेटाबेसवर ताण आला आणि मुख्य डेटाबेसची नक्कल ठेवणारा दुसरा सर्व्हर मागे पडला. तो नव्याने भरायचा म्हणून नक्कल घेणारी कमांड चालवली, तर ती काहीच न बोलता नुसती थांबून राहिली. एसट्रेस लावून पाहिलं. ती कशाची तरी वाट बघतेय, यापलीकडे काही कळलं नाही. मुख्य सर्व्हर माहिती पाठवायला लागेपर्यंत गप्प बसायचं, हा त्या कमांडचा स्वभावच होता, पण हे कुठे ठळक लिहिलेलं नव्हतं. दुसऱ्या सर्व्हरवरचं जुनं फोल्डर आडवं येत असेल, असा तर्क करून रात्री अकराच्या सुमारास, यूटीसीप्रमाणे, एका इंजिनिअरने ते पुसायची कमांड दिली. सेकंदभरातच त्याच्या लक्षात आलं की ही खिडकी मुख्य सर्व्हरची आहे. एकाच्या नावात डीबी-वन, दुसऱ्याच्या नावात डीबी-टू. कमांड थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले होते.

बॅकअपची तऱ्हा तर डिस्कच्या गोष्टीला शोभणारी निघाली. रोजचा बॅकअप ठरल्या वेळी सुटत होता, पण ज्या साठवणीत तो जायला हवा होता ती उघडली तर रिकामी. बॅकअप घेणारा प्रोग्रॅम ९.२ आवृत्तीचा आणि डेटाबेस ९.६ चा, म्हणून तो रोज अपयशी ठरत होता. अपयशाच्या ईमेल जात होत्या, पण त्यांच्यावर पाठवणाऱ्याच्या ओळखीची सही नसल्याने पलीकडचा मेल सर्व्हर त्या नाकारत होता. पाठवणाऱ्या बाजूने बघितलं तर सगळं सुरळीत. पोचण्याच्या बाजूने कोणी बघितलंच नव्हतं. एका वेगळ्याच चाचणीसाठी सहा तास आधी कोणीतरी हाताने स्नॅपशॉट घेऊन ठेवला होता, त्याने वाचवलं. तोही संथ डिस्कवर होता, त्यामुळे सगळं परत आणायला अठरा तासांच्या घरात वेळ गेला. मधल्या सहा तासांतल्या सुमारे पाच हजार प्रकल्पांच्या नोंदी, पाच हजार प्रतिक्रिया आणि सातशे नवी खाती परत आली नाहीत. प्रकल्पांमधला कोड वेगळ्या जागी होता, तो शाबूत राहिला.

कंपनीने काहीही लपवलं नाही. काम चालू असतानाच टिपणं सगळ्यांना खुली केली, दुरुस्ती यूट्यूबवर थेट दाखवली आणि नंतर सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. त्यातल्या सुधारणांच्या यादीत बॅकअपच्या मोठ्या कामांसोबत एक किरकोळ वाटणारी बाब होती: प्रत्येक सर्व्हरच्या प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे कमांड टाइप करण्याच्या जागेच्या डावीकडे, हे यंत्र कोणतं आणि कुठल्या वातावरणातलं ते ठळक दिसलं पाहिजे. शेलच्या सेटिंगमधली ही एका ओळीची गोष्ट आहे. बरेच जण प्रॉडक्शनला लाल रंग देतात आणि टेस्टिंगला हिरवा. ज्यांच्याकडे अजून ते केलेलं नाही, त्यांच्यासाठी होस्टनेम ही कमांड आहे आणि तिला कुठलाही पर्याय द्यावा लागत नाही.